घरच्या घरी लाकडी टीपॉय बनवताय? मग या चुका टाळा

ऐरोलीला आमच्या रो-हाउसच्या पडवीत मी पहिला टीपॉय बनवला तो भर जुलैमध्ये. सागाच्या पाच फळ्या फेविकॉलने जोडल्या आणि तो टॉप खालच्या फ्रेमला चारही बाजूंनी स्क्रूने आवळून टाकला, इतका घट्ट की हलायचं नाव नाही. जानेवारीत एका सकाळी हॉलमध्ये टक्कन आवाज आला, बघतो तर मधल्या फळीला वीतभर चीर. आधी वाटलं लाकूडच खराब दिलं, पण चूक माझी होती.

लाकूड म्हणजे प्लाय नाही हो. पावसाळ्यात ते हवेतला दमटपणा पिऊन फुगतं, थंडीच्या कोरड्या हवेत किंवा रोज एसी लागणाऱ्या खोलीत आकसतं, आणि हे सगळं रुंदीत होतं, लांबीत जवळजवळ नाहीच. दोन फूट रुंद सागाचा टॉप पावसाळा ते हिवाळा ३-४ मिमी सहज कमीजास्त होतो. त्याला फ्रेमने पकडून ठेवलं की तो दुसरीकडून वाट काढणार, म्हणजे फाटणार. म्हणून फ्रेमच्या आडव्या पट्ट्यांना गोल भोक न पाडता रुंदीच्या दिशेने लांबट भोक पाडा, स्क्रूखाली वॉशर घाला आणि बेताने आवळा. नाहीतर फ्रेमला आतून खाच पाडून त्यात अडकणारे छोटे लाकडी ठोकळे टॉपला स्क्रू करा. टॉप आणि फ्रेमच्या मध्ये फेविकॉल मात्र अजिबात नको.

दुसरी चूक म्हणजे लाकूड आणलं आणि त्याच दिवशी कापायला घेतलं. वखारीतून आलेलं लाकूड घरात, फळ्यांच्या मध्ये पट्ट्या ठेवून, निदान दोन-तीन आठवडे राहू द्या. मॉइश्चर मीटर नसेल तर एक तुकडा दर आठवड्याला किचनच्या काट्यावर तोला, वजन उतरायचं थांबलं की लाकूड तुमच्या घरातल्या हवेला आलं असं समजा. सागाच्या कडेला पांढरट भाग असतो तो स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, कीड आधी तिथेच लागते आणि मग टीपॉयखाली रोज पिठासारखी पूड सापडते.

नवी मुंबईत न्हावा शेवा बंदर जवळ असल्यामुळे पॅलेटचं, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटींचं लाकूड बरेच जण वापरतात, मीही वापरतो. पण त्यावरचा शिक्का वाचल्याशिवाय घरात आणू नका. एचटी असेल तर ते लाकूड उष्णता देऊन किडीपासून सुरक्षित केलेलं असतं, गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड, विषारी वायूची धुरी दिलेलं, ते सोडून द्या. शिक्काच नसेल किंवा तेलाचे-केमिकलचे डाग असतील तरी नको, ज्या टेबलावर मुलं खाऊ खाणार तिथे रिस्क कशाला. आणि रंधा मारायच्या आधी खिळे शोधा, एका खिळ्याने पातं गेलं की अख्खा दिवस धार लावण्यात जातो.

फेविकॉल लावून क्लॅम्प जीव खाऊन पिळला तर सगळा गोंद बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो, कडेला बारीक थेंब दिसले की थांबा. रात्रभर क्लॅम्प सोडू नका. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसला तर तो लाकडाच्या छिद्रांत जातो आणि पॉलिश करताना तिथे फिका डाग उठतो. अर्ध्या-पाऊण तासाने तो रबरासारखा झाला की पटाशीने खरवडून काढा.

टीपॉय डुगडुगतोय? लगेच पाय कापू नका!! बऱ्याचदा फरशीच उंचसखल असते. किचनच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवून बघा, तिथेही हलला तर फ्रेमचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर फ्रेम तिरकी बसलीये. कर्ण बरोबर असतील तर पायांखाली पातळ पट्ट्या सरकवून टॉप लेव्हलला आणा, एकाच ठोकळ्यावर पेन्सिल ठेवून चारही पायांना फिरवत रेष मारा आणि त्या रेषेवर कापा. एका पायाचं बघून दुसरा कापत बसलात तर टीपॉयचा पाट होईल.

काचपेपर ८०, १२०, १८०, २२० असा क्रमाने, आणि कायम लाकडाच्या रेषेच्या दिशेने. मधला नंबर गाळला की पॉलिशनंतर ओरखडे दिसतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

पॉलिश पावसाच्या दिवशी करूच नका. लाखेचं असो की मेलामाइन, थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं पाणी धरतं आणि पांढरं धुकं येतं. आलंच तर कोरड्या दिवसाची वाट बघा, लाखेच्या पॉलिशवर स्पिरिटचा हलका हात फिरवला की बहुतेक वेळा जातं. रोज गरम चहाचे कप टेकणार असतील तर लाखेपेक्षा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश घ्या, लाखेवर पांढरी कडी उठते. टॉपच्या खालच्या बाजूलाही वरच्याइतकेच हात द्या, नाहीतर एकच बाजू दमट होऊन फळी वाकते.

जवसाचं तेल लावणार असाल तर वापरलेल्या फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून एकेक करून वाळवा, मगच कचऱ्यात टाका.