शेडवर मर आणि घरात ताप: झटपट चाचणीच्या एका रेघेवर विसंबू नका

डिसेंबर ते फेब्रुवारी हा बर्ड फ्लूच्या जोखमीचा काळ आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला उद्रेक झाला, तेव्हा कोंबड्यांची सुरुवातीची मर राणीखेत, म्हणजे मानमोडी, या दुसऱ्याच रोगाची समजली गेली होती. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळचे मुरुंबा आणि २०२५ च्या जानेवारीत उदगीर येथेही हा रोग थंडीतच आला, आणि उदगीरला तर आधी कावळे मेले. दोन-तीन दिवस धुके पडून शेडजवळच्या झाडाखाली मेलेला कावळा दिसला, की पुढचा आठवडा डोळ्यांत तेल घालून काढावा, असा माझा अनुभवाचा अंदाज आहे. त्याला शास्त्राचा आधार मागू नये.

कोंबड्यांची काळजी बहुतेक जण घेतात, परंतु स्वतःच्या तापाबाबत एक चूक वारंवार होताना मी पाहिली आहे. मेलेले पक्षी उघड्या हातांनी पोत्यात भरलेल्या एका शेतकऱ्याला चौथ्या दिवशी ताप आला, तेव्हा त्याने औषध दुकानातून आणलेल्या फ्लूच्या झटपट चाचणीच्या किटमधील पट्टीचा फोटो मला मोबाइलवर दाखवला आणि ‘एकच रेघ आहे, म्हणजे काही नाही’ असे सांगितले. डॉक्टरांना त्याने मर लागल्याचे सांगितलेच नव्हते.

ही झटपट चाचणी इन्फ्लूएंझा ‘ए’ विषाणूची प्रथिने शोधते. तो विषाणू एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा, आहे की साध्या हंगामी फ्लूचा, हे तिला ओळखता येत नाही. नमुन्यात विषाणू कमी असेल तर तिची रेघ उमटत नाही, आणि एच५एन१ पुष्कळदा नाकापेक्षा घशात व फुप्फुसात अधिक असतो. म्हणून निगेटिव्ह पट्टीने संशय फिटत नाही आणि पॉझिटिव्ह पट्टीने रोगाचे नाव कळत नाही. खरे निदान घशाच्या व नाकाच्या स्वॅबच्या आरटी-पीसीआर, म्हणजे विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या, प्रयोगशाळेतील चाचणीने होते. हा नमुना आरोग्य विभागामार्फत थंड पेटीतून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे जातो. २०१९ मध्ये मेळघाटातील १७ महिन्यांच्या बाळात एच९एन२ हा बर्ड फ्लूचाच दुसरा विषाणू सापडला तोही याच संस्थेच्या तपासणीत. बाहेरून दिसत होते ते ताप, खोकला आणि दम लागणे. त्यामुळे विक्रेता किटचा डबा, ‘प्रतिकारशक्तीचे’ टॉनिक आणि महागडे जंतुनाशक एकत्र गळ्यात मारू लागला, तर ते पैसे मास्क, हातमोजे आणि चुन्यावर खर्च करावेत.

ताप, खोकला, घसा दुखणे, डोळे लाल होणे किंवा दम लागणे यांपैकी काहीही मरीनंतर १० दिवसांत झाले, तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन पहिले वाक्य ‘माझ्या शेडवर कोंबड्या मेल्या आहेत’ हेच बोलावे. ओसेल्टामिविर हे फ्लूवरचे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. प्रौढांसाठी उपचाराची नेहमीची मात्रा ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ५ दिवस अशी आहे, परंतु ती डॉक्टरांनीच ठरवावी. अहवालाची वाट पाहत औषध लांबवू नये. हे औषध कोंबड्यांच्या पाण्यात तर मुळीच घालू नये.

शेडवरील नेहमीची कामे:
– पशुधन विकास अधिकाऱ्यांना तत्काळ कळवणे
– पक्षी, अंडी, खत बाहेर न नेणे
– मेलेले पक्षी न फाडणे, न विकणे
– दारात पाय बुडवण्यासाठी जंतुनाशकाचे फूटबाथ, वेगळे बूट
– मुले व गरोदर स्त्रिया शेडपासून दूर

मेलेल्या पक्ष्यांना हात लावलेल्या प्रत्येकाचा ताप १० दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून खाद्याच्या वहीतच मागच्या पानावर लिहावा, आणि दवाखान्यात जाताना ती वही सोबत न्यावी.