चॅरिटीचा पिवळा सुगंधी गुलाब आणलाय? मग छाटणीत हात जरा आवरा

थंडी ओसरत आली, गुलाबाचे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, फुगायला लागले की सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, बाहेर काढायची वेळ. पण एखाद्या धर्मादाय संस्थेच्या (चॅरिटीच्या) मदतीसाठी विकायला आणलेला पिवळा सुगंधी गुलाब ज्यांच्याकडे आहे त्यांनी बाकीच्या झाडांसोबत त्याचीही खसाखस बुडापर्यंत छाटणी करू नका.

कारण रंगातच आहे बघा. बागेतल्या गडद पिवळ्या गुलाबांची वंशावळ बहुतेक करून फ्रान्सच्या पर्ने-दुशे या नव्या जाती काढणाऱ्या गुलाबवाल्यांकडे जाते, त्यांनी पर्शियन यलो या जुन्या पिवळ्या गुलाबाचा संकर करून १९०० साली सोलेइ द'ऑर ही जात आणली, पिवळा रंग तिथून पुढे पसरला आणि सोबत ब्लॅक स्पॉट (पानांवर काळे डाग पाडणारा बुरशीचा रोग) अन् शेंडे वाळायची खोडही आली. नव्या जाती बऱ्याच काटक आहेत, तरी वाण पिवळा म्हटलं की मी सावधच असतो. वाळलेली, रोगट, एकमेकींवर घासणारी फांदी पूर्ण काढा, बाकीच्या फांद्यांचा वरचा तिसरा हिस्सा किंवा फार तर निम्म्यापर्यंतच कापा, बाहेरच्या डोळ्याच्या थोडं वर तिरका काप द्या. कलमाच्या खालून, खुंटातून (ज्या झाडावर कलम बांधलंय त्यातून) आलेला फुटवा मात्र कापायचा नाही, माती सरकवून मुळापासून उपटायचा, नाहीतर तो दुप्पट जोमाने येतो.

मागच्या हंगामातली गळालेली पानं सगळी वेचा हं, कंपोस्टमध्ये टाकू नका. ब्लॅक स्पॉटची बुरशी त्यांच्यावरच टिकून राहते आणि पान सलग सातेक तास ओलं राहिलं की नव्याने लागते, म्हणून पाणी सकाळी आणि बुडाशीच, वरून फवारा नको. मग ५ ते ७ सेंटीमीटर आच्छादन, खोडाला चिकटवून नाही.

नवीन रोप लावणार असाल तर जुना गुलाब काढलेल्या खड्ड्यात लावू नका, लावायचंच असेल तर निदान दीड फूट खोल माती बदला. उघड्या मुळांचं रोप आधी तासदोन तास पाण्यात ठेवा, आणि ऊन किमान सहा तास हवं, पण दुपारचं कडक ऊन लागलं तर पिवळा रंग फिका पडतो. ताजं शेण नको, कुजलेलं शेणखत घाला. नत्राचा मारा केला तर पाला माजतो, फुलं कमी येतात.

आणि हो, अशा रोपाच्या किमतीतला वाटा संस्थेला जातो तो विकलेल्या रोपामागे. शेजाऱ्यांनी काडी मागितली तर त्यांना लेबलवालं रोपच घ्यायला सांगा, जातीवर ब्रीडरचा, म्हणजे ती तयार करणाऱ्याचा, हक्क असेल तर परवान्याशिवाय काड्या लावून रोपं विकता येत नाहीत.

फूल तोडायचं ते सकाळी, अर्धं उमललेलं असताना, ऊन चढलं की वास उडून जातो.