ट्रस्टी झालात, आता पुढे काय?

मला पहिल्यांदा एका संस्थेच्या बोर्डावर ट्रस्टी म्हणून घेतलं तेव्हा केवढा मान मिळाला असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर मी तो मानच मिरवला, काम शून्य. मीटिंगला जायचं, रजिस्टरवर सही करायची, संस्थेचा रोजचा कारभार बघणारे डायरेक्टर रिपोर्ट वाचतील तो मान डोलवत ऐकायचा आणि घरी. अकरा जण होतो, सहा आले की कोरम (म्हणजे मीटिंग भरायला लागणारी किमान हजेरी), आणि त्या सहाव्या माणसासाठी दर वेळी फोनाफोनी.

डोळे उघडले ते एका मीटिंगमध्ये. खजिनदारांनी हिशोबाचा कागद फिरवला, आम्ही सवयीने मंजूर मंजूर म्हणालो, तेवढ्यात त्याच दिवशी नवीन आलेल्या एका ताईंनी विचारलं, बँकेत एवढे पैसे दिसतायत मग स्टाफचे पगार दोन महिने का रखडलेत? सगळे गप्प. मग खजिनदार हळूच म्हणाले की तो पैसा एका प्रोजेक्टसाठी आलाय, देणगीदाराची अट आहे, दुसरीकडे वापरता येत नाही, आणि संस्थेचा स्वतःचा मोकळा पैसा जवळपास संपलाय. म्हणजे मागच्या तीन मीटिंगांत आम्ही हेच न वाचता मंजूर करत आलो होतो! तेव्हापासून अटीचा पैसा आणि मोकळा पैसा असे दोन कॉलम वेगळे झाले आणि खाली एक ओळ आली, मोकळ्या पैशावर संस्था किती महिने तग धरेल. तुम्ही नवीन असाल तर पहिल्याच मीटिंगला हे विचाराच, बावळट वाटलात तरी चालेल.

पुढे सचिवपद माझ्याच गळ्यात पडलं (प्रश्न विचारायला लागलं की असंच होतं). तेव्हा कळलं की गडबड माणूस घेतानाच होते. आपण म्हणतो, "फार काम नसतं हो, नुसतं नाव असू द्या", आणि मग तो माणूस नुसतं नावच देतो, त्याचं काय चुकलं? आता आम्ही आधीच सांगतो, वर्षाला मीटिंगा किती, महिन्याला साधारण किती तास, देणगी द्यायची किंवा आणायची अपेक्षा आहे का. शक्यतो सहा महिने एखाद्या कमिटीत काम करून बघा म्हणतो, दोन्हीकडून अंदाज येतो. आणि एकदा कोणाला काय येतं याचा तक्ता केला तर अकरातले सात एकाच क्षेत्रातले निघाले, ज्यांच्यासाठी संस्था चालते त्यांच्यातलं एकही नाही.

मीटिंगचं म्हणाल तर कागद आठवडाभर आधी पाठवा, मागचं इतिवृत्त वगैरे रूटीन गोष्टी एका ठरावात उरका, आणि अजेंड्यात विषय न लिहिता प्रश्न लिहा. "नवीन केंद्र" असं लिहिलं की भाषणं होतात, "नवीन केंद्र यंदा सुरू करायचं की पुढच्या वर्षी?" असं लिहिलं की लोक तयारी करून येतात, भांडतातसुद्धा, पण ते भांडण मला आवडतं.

उलटा त्रासही असतो. एक उत्साही सदस्य परस्पर स्टाफला फोन करून कामं सांगायचे, कोणाला रजा द्यायची तेही. बजेट, धोरण, डायरेक्टरची नेमणूक आणि त्यांच्या कामाचं मूल्यमापन हे बोर्डाचं, रोजचा कारभार डायरेक्टरचा. छोट्या संस्थेत ट्रस्टीच कार्यक्रमात खुर्च्या लावतात, लावाव्यात, पण तेव्हा आपण स्वयंसेवक, कार्यक्रम बघणारा सांगेल ते ऐकायचं.

छपाईचं काम सदस्याच्या भावाकडे जाणार असेल तर कोटेशन सगळ्यात स्वस्त असलं तरी त्यांनी आधी सांगायचं, चर्चा-मतदानाच्या वेळी बाहेर बसायचं आणि इतिवृत्तात तशी नोंद घ्यायची. यात भिडस्तपणा नको.

ट्रस्टीपदाला मुदत मात्र आम्ही उशिरा घातली, तीन वर्षं, सलग दोनदाच, आणि दरवर्षी साधारण एक तृतीयांश जणांची मुदत संपते म्हणजे सगळे जाणते एकदम जात नाहीत. त्याआधी कधीच न येणाऱ्या दोघांना मी फोन केले, पोटात गोळा आला होता. एक म्हणाले, बरं झालं, दोन वर्षं सोडायचं म्हणत होतो पण तोंड होत नव्हतं. दुसरे जरा थांबून म्हणाले, चार वर्षांत मला कोणी काही विचारलंच नाही हो. आता देणगीदारांची यादी तेच सांभाळतात आणि एकही मीटिंग चुकवत नाहीत.