लिनक्सवर ड्रायव्हर बसवताना या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची मुदत संपली आणि माझ्याकडे जुने लॅपटॉप यायला लागले. त्यांवर विंडोज ११ चढत नाही, म्हणून कुणी लिनक्सचं मिंट टाकलेलं असतं, कुणी उबुंटू. सिस्टीम अर्ध्या तासात बसते. मग वाय-फाय दिसत नाही आणि माणूस घाईघाईने जे काही करत सुटतो, ते निस्तरायला माझा अख्खा रविवार जातो.

कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवणे

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. विंडोजवर वर्षानुवर्षं तसंच केलेलं असतं, त्यामुळे हात आपोआप तिकडे वळतो. पण लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातच, असतात. जे नसतात, ते तुमच्या डिस्ट्रोच्या (म्हणजे मिंट, उबुंटू अशा लिनक्सच्या प्रकाराच्या) रेपॉझिटरीत, अधिकृत सॉफ्टवेअर साठ्यात, मिळतात. मिंट आणि उबुंटूत तर त्यासाठी वेगळी खिडकीच दिली आहे, मिंटमध्ये तिला ड्रायव्हर मॅनेजर म्हणतात. आधी तिथे बघा.

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याने ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर थेट साइटवरून, ‘रन’ फाइल घेऊन बसवला. का, तर तिथे नवी आवृत्ती होती. तीन आठवडे उत्तम चाललं. सबमिशनच्या आदल्या दिवशी अपडेटमध्ये नवा कर्नल आला आणि रात्री साडेदहाला तो काळी स्क्रीन घेऊन माझ्या दारात उभा. त्या ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) जुन्या कर्नलसाठी बांधलेलं होतं, नव्यासाठी ते परत कोणी बांधणार? रेपॉझिटरीतून घेतलं असतं तर डीकेएमएस या मॉड्यूल परत बांधणाऱ्या यंत्रणेने हे काम स्वतःहून केलं असतं.

मी आधी ग्रबच्या, म्हणजे संगणक सुरू होताना येणाऱ्या, मेनूतल्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडला. मशीन चालू झालं, त्याचा प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर घेतला आणि मगच दुरुस्तीला हात लावला. माझा क्रम नेहमी हाच असतो. त्याच इन्स्टॉलरने ड्रायव्हर काढला, ड्रायव्हर मॅनेजरमधून नवा बसवला. रीस्टार्ट केल्यावर निळी स्क्रीन आली. भाच्याला ती एरर वाटली आणि मी काही म्हणायच्या आत त्याने ‘कंटिन्यू बूट’ दाबलं. ड्रायव्हर लोड झाला नाही.

ती स्क्रीन एरर नसते. सिक्युअर बूट (अनोळखी सहीचं सॉफ्टवेअर सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू असेल तर बाहेरून बांधलेल्या मॉड्यूलची सही मशीनला ओळखीची करून द्यावी लागते. ‘एनरोल एमओके’ (एमओके म्हणजे मशीनच्या मालकाने नोंदवलेली सहीची की) निवडायचं आणि ड्रायव्हर बसवताना ठरवलेला पासवर्ड टाकायचा. स्क्रीन दहा सेकंदच थांबते. ती संधी हुकली तर एमओकेयूटिल या कमांडने ती की परत नोंदवायला टाकावी लागते. आम्ही तेच केलं, घड्याळात पावणेदोन वाजले होते. सिक्युअर बूट बंद करून टाका, असा सोपा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. दहा सेकंद स्क्रीन वाचायला जेवढा धीर लागतो, तेवढा नवशिक्याने ठेवलाच पाहिजे.

खोक्यावरचं नाव बघून ड्रायव्हर शोधणे

ड्रायव्हर चिपचा असतो, खोक्याचा नव्हे. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा वाय-फाय डोंगल घ्या. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, ती लिनक्सवर जोडताक्षणी चालते. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली. नाव तेच, ड्रायव्हर पूर्ण वेगळा. म्हणून टर्मिनल उघडून आतल्या कार्डासाठी एलएसपीसीआय (‘-nn’ जोडून) आणि डोंगलसाठी एलएसयूएसबी चालवा. अपूर्णविरामाच्या दोन बाजूंना चार-चार अक्षरांचा आयडी दिसतो. शोध त्या आयडीने घ्या. मी तो वहीत लिहून ठेवतो आणि त्याआधी कशालाही हात लावत नाही.

काही डोंगल तर जोडल्यावर सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्या पोटातच भरलेला असतो. अशा वेळी यूएसबी-मोडस्विच त्याला खऱ्या रूपात आणतं. डोंगल बिघडलाय म्हणून दुकानात परत करणारे मी पाहिले आहेत.

बाकीच्या चुका

लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या सिस्टीमवरून) वाय-फाय, आवाज, टचपॅड न तपासता थेट इन्स्टॉल करणे. दहा मिनिटांचं काम आहे, करा.

नेट नाही म्हणून अडून बसणे. अँड्रॉइड फोन केबलने जोडा, यूएसबी टेथरिंग चालू करा. त्याला बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

डेबियन या डिस्ट्रोसाठी जुन्या ट्यूटोरियलमधल्या पायऱ्या गिरवणे. जून २०२३मधल्या डेबियन १२पासून फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं, वेगळ्या पेनड्राइव्हची खटपट नको.

कुठून तरी मिळालेली कमांड न वाचता सुडोसकट, म्हणजे ॲडमिनच्या अधिकारासकट, चिकटवणे. हे मला अजिबात खपत नाही. काय बसवलं हेच माहीत नसेल तर काढणार काय?

आणि प्रिंटर. एचपीचा लेझरजेट १०२० आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत अजून दिसतो. तो फर्मवेअर स्वतःजवळ साठवत नाही, दर वेळी चालू केल्यावर संगणकाने ते पाठवावं लागतं. त्यासाठी एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरसोबत प्लगइन लागतं आणि दोघांची आवृत्ती जुळावी लागते. सिस्टीम अपडेट झाल्यावर प्रिंटर गप्प बसला तर केबल बदलत बसू नका, टर्मिनलमध्ये एचपी-प्लगइन परत चालवा.