नग्गरच्या बर्फात चित्राला बसण्याआधी

जानेवारीत कुलू खोऱ्यातल्या नग्गरला जलरंग घेऊन निघालात, तर पांढऱ्या रंगाची मोठी ट्यूब आधी पिशवीतून बाहेर काढा. जलरंगात बर्फ म्हणजे कोरा सोडलेला कागद. म्हणून पैसे घालायचे ते कागदावर: 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम, चांगला जाड), शंभर टक्के सुती, थोडा खरखरीत. साधा ड्रॉइंग पेपर पहिल्याच वॉशला, म्हणजे पाणीदार रंगाच्या हाताला, पापडासारखा फुगतो. कागद खोलीतच बोर्डाला चारही बाजूंनी टेपने चिकटवा. बाहेर गारठलेल्या बोटांना टेपचं टोक सापडत नाही.

काळा रंगही घरीच राहू द्या. निळा अल्ट्रामरीन आणि तपकिरी बर्न्ट सिएना घट्ट कालवले की देवदार होतात, पाणी वाढवलं की भरून आलेलं आभाळ. जोडीला कोबाल्ट ब्लू, यलो ऑकर, अलिझरिन क्रिमझन. पुरे. उन्हातल्या बर्फावरची सावली निळी काढायला हात कचरतो, पण तिथे ऊन पोचत नाही, फक्त निळ्या आभाळाचा उजेड पडतो. फ्रेंच चित्रकार मोनेने 1868-69 च्या हिवाळ्यात फाटकावर बसलेला मॅगपाय पक्षी रंगवला, त्यातली कुंपणाची सावली पाहून घ्या. ढगाळ दिवशी मात्र हा निळा आवरा.

आदल्या संध्याकाळी पोस्टकार्डाएवढं पेन्सिल स्केच करा आणि पांढरं काय राहणार त्यावर फुल्या मारा. इथली काठकुणी घरं, म्हणजे लाकूड आणि दगडाचे आलटूनपालटून थर, गडद असतात. त्यांच्यामुळेच स्लेटच्या छपरावरचा बर्फ उठून दिसतो. सफरचंदाच्या बारीक फांद्यांवरचा बर्फ मास्किंग फ्लुइडने, म्हणजे वाळल्यावर सोलून काढता येणाऱ्या रबरी द्रवाने, झाकावा लागेल. त्यासाठी जुना ब्रश घ्या, तोही साबणात बुडवून. नाहीतर केस कायमचे चिकटतात.

पाणी थर्मासात, कोमट. पारा शून्याखाली गेला तर त्यात थोडी व्होडका घालतात, म्हणजे रंग कागदावर लगेच गोठत नाही. (बाटली कशासाठी, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.) बोटं उघडी राहणारे हातमोजे आणि बुडाखाली जाड घोंगडी हवीच. गॉगलही हवा, पण रंग कालवताना तो काढायचा. कागद स्वतःच्या सावलीत धरा. भर उन्हात तो इतका चमकतो की रंग फिके वाटतात, हात गडद लावत सुटतो आणि खोलीत आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं.

अगदी शेवटी पांढऱ्या गुआशची (अपारदर्शक जलरंगाची) छोटी ट्यूब आणि जुना टूथब्रश खिशात टाका. बर्फ पडायला लागलाच, तर शिंतोडे उडवायला.