सिस्को यूसीएसमध्ये मॅक पूल बनवताना

मॅक पूल म्हणजे सिस्कोच्या यूसीएस सर्व्हर प्रणालीत नेटवर्क कार्डांना द्यायच्या मॅक पत्त्यांचा (ओळख क्रमांकांचा) साठा. यूसीएस मॅनेजर या तिच्या नियंत्रण सॉफ्टवेअरमध्ये लॅन, पूल्स, रूट असं जाऊन मॅक पूल्सवर राइट-क्लिक करा. असाइनमेंट ऑर्डर सिक्वेन्शियल (ओळीने) ठेवा, पत्ता शोधायला सोपं पडतं. सुरुवात ००:२५:बी५ हीच असू द्या. चौथ्या जोडीत डोमेनचा (एका यूसीएस मॅनेजरखालच्या सर्व्हर गटाचा) क्रमांक, पाचव्यात फॅब्रिक (नेटवर्कची ए किंवा बी बाजू). उदाहरणार्थ ००:२५:बी५:०१:ए०:००, आकार २५६.

डोमेनचा क्रमांक अजिबात गाळू नका. नाहीतर दोन डोमेन तेच पत्ते वाटतात. असे दोन सर्व्हर एकाच व्हीलॅनवर (नेटवर्कच्या आभासी विभागात) आले, की स्विच तो पत्ता कधी या पोर्टवर, कधी त्या पोर्टवर शिकत राहतो. नेटवर्क मध्येच तुटतं आणि कारण चटकन सापडत नाही.

पूल डिलीट केला तरी दिलेले पत्ते व्हीनिककडेच (सर्व्हरच्या आभासी नेटवर्क कार्डाकडेच) राहतात. तो ब्लॉक (पत्त्यांचा गट) दुसऱ्या डोमेनला देण्याआधी जुनी सर्व्हिस प्रोफाइल्स (सर्व्हरच्या सेटिंग्जचे संच) तपासा.