मोरोक्कन जेवायला जाण्याआधी

सगळ्यात आधी माणसं मोजा. मोरोक्कन जेवण टेबलाच्या मधोमध ठेवतात आणि सगळे त्याच भांड्यातून खातात, म्हणून दोघं जाणार की सहा जण, यावर पुढची सगळी तयारी ठरते. दोघं असाल तर एक ताजीन (शंकूच्या झाकणाच्या मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला रस्सा), दोन सॅलड आणि पाव एवढ्यात पोट भरतं. त्याहून जास्त मागवू नका. चौघं झालात की खरी मजा. दोन वेगळ्या चवींची ताजीन, एक मोठा कुसकुस (रव्याचे वाफवलेले दाणे, वर भाज्या नि रस्सा), तीन-चार सॅलड, आणि सगळ्यांनी सगळं चाखायचं. सहाच्या पुढे गेलात तर टोकाला बसलेल्याचा हात मधल्या भांड्यापर्यंत पोचत नाही आणि एका टेबलावर दोन जेवणं होतात. मोठा गट असेल तर टेबल राखून ठेवतानाच सांगा, प्रत्येक पदार्थ दोन भांड्यांत करून दोन्ही टोकांना ठेवा म्हणून.

मग मेनू वाचून ठेवा, निवांत, घरी बसून. पाटीवर ‘मोरोक्कन आणि मेडिटरेनियन’ असं जोडीने का लिहिलेलं असतं हे कळलं की मेनूही कळतो. मोरोक्कोला उत्तरेला भूमध्य, म्हणजेच मेडिटरेनियन समुद्र आणि पश्चिमेला अटलांटिक असे दोन किनारे आहेत. २०१० साली युनेस्कोने मेडिटरेनियन आहाराला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा स्पेन, ग्रीस आणि इटलीच्या जोडीला मोरोक्कोही होता, आणि मोरोक्कोकडून नाव होतं ते रीफच्या डोंगरातल्या शेफशाउएनचं, निळ्या भिंतींच्या गावाचं. छोट्या रेस्टॉरंटच्या मेनूवर मात्र ‘मेडिटरेनियन’ म्हणजे बहुतेक वेळा पूर्वेकडच्या किनाऱ्याचे पदार्थ असतात. हमस (वाटलेले चणे), बाबा गनूश (वांग्याचं भरीत), तबूले आणि फतूश (दोन्ही सॅलडं) ही लेबनॉन-सीरियाच्या बाजूची मंडळी, हलूमी चीज सायप्रसचं, फेटा ग्रीसचं. ही ओळखीची नावं बघून नवखं गिऱ्हाईक आत येतं, आणि त्यात काही गैर नाही. पण स्वयंपाकघराचा जीव कशात आहे ते मोरोक्कन भागावरून कळतं. तिथे झालूक, तक्तूका, बिसारा, हरीरा अशी नावं दिसली की समजा, आत कुणीतरी आपल्या घरचं रांधतंय. अशा ठिकाणी हमसवर पोट भरून उठू नका.

झालूक म्हणजे वांगं आणि टोमॅटो लसूण, जिरं, पाप्रिका घालून आटवलेलं. तक्तूकात वांग्याच्या जागी भाजलेली ढोबळी मिरची. ‘सॅलड’ या शब्दाखाली हे दोन्ही लिहिलेले असतात, तेव्हा कच्च्या पानांची वाट बघत बसू नका. मोरोक्कन सॅलडं पुष्कळदा शिजवून गार केलेली असतात आणि पावाबरोबर खायची असतात. हरीरा हे टोमॅटो-मसुराचं सूप. बिसारा हे सुकवलेल्या फावा बीन्सचं दाट सूप, वरून ऑलिव्ह तेलाची धार आणि जिरेपूड. मला विचाराल तर थंडीच्या दिवसांत याच्याइतकी चांगली सुरुवात दुसरी नाही.

फोन दुपारची गर्दी ओसरल्यावर करा, तेव्हा पलीकडचा माणूस नीट बोलतो. पहिला प्रश्न कुसकुसचा, तो कोणत्या दिवशी असतो. हा प्रश्न विचित्र वाटेल, पण तो फार महत्त्वाचा आहे. रव्याचे ते बारीक दाणे उकळत्या रश्श्यावर, भोकं असलेल्या भांड्यात दोन-तीनदा वाफवायचे असतात, आणि दर वेळी खाली काढून, पाणी शिंपडून, हाताने मोकळे करून परत वर ठेवायचे असतात. पाकिटातल्या दाण्यांवर गरम पाणी ओतून पाच मिनिटांत होतो तो कुसकुस आणि हा कुसकुस यांत नावापलीकडे फारसं साम्य नाही. मोरोक्कोत शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर घरोघर कुसकुस असतो, म्हणून बाहेरदेशीही पुष्कळ स्वयंपाकघरं तो शुक्रवारीच मनापासून करतात. अल्जीरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया या चार देशांनी मिळून कुसकुसची नोंद २०२० साली युनेस्कोत करून घेतली. शुक्रवारी जाणं जमत असेल तर शुक्रवारीच जा.

त्याच फोनवर बस्तीलाचं विचारून घ्या. वरका नावाच्या कागदासारख्या पातळ पापुद्र्यांत कोंबडी (जुन्या रीतीत कबूतर), अंडी आणि कुटलेले बदाम भरून भाजतात आणि वर पिठीसाखर नि दालचिनी भुरभुरवतात. हे खटाटोपाचं काम आहे, त्यामुळे छोट्या ठिकाणी ती एक दिवस आधी सांगावी लागू शकते. दारू मिळते का, नसेल तर बरोबर आणलेली चालते का, कार्ड घेतात की रोख, हेही एका दमात विचारा; पुष्कळ मोरोक्कन रेस्टॉरंटांत दारू ठेवतच नाहीत. रमजानचा महिना असेल तर वेळा बदललेल्या असतात. सूर्यास्ताला खजूर, हरीरा आणि मधात बुडवलेली शेबाकिया नावाची तळलेली मिठाई यांनी रोजा सुटतो आणि त्या अर्ध्या तासात टेबल मिळणं कठीण. तेव्हा एक तर आधी सांगून त्याच वेळेला जा आणि तो थाट अनुभवा, नाही तर तासाभराने जा.

आता खाण्यातली पथ्यं. इथे मी जरा थांबणार आहे. माझी एक मैत्रीण मांस अजिबात खात नाही. आम्ही तिच्यासाठी ‘सात भाज्यांचा कुसकुस’ मागवला. डोंगरासारखा रचलेला कुसकुस आला, उतारावर गाजर, भोपळा, कोबी, सलगम, झुकिनीच्या लांब फोडी, मध्ये चणे. तिने चार घास खाल्ले, चव किती खोल आहे म्हणाली, आणि गाजराची फोड बाजूला केली तर खाली मांसाचा एक धागा. बोटाच्या पेराएवढा. तिने चमचा खाली ठेवला आणि नंतर पाण्यालाही हात लावला नाही. वेटरला विचारलं तर त्याने सरळ सांगितलं की रस्सा मटणाचा आहे, भाज्या त्यातच शिजतात. तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या लेखी भाज्यांचा कुसकुस म्हणजे हाच. चूक आमच्या प्रश्नात होती. आम्ही विचारलं होतं, “यात भाज्याच आहेत ना?” तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारते, “रस्सा कशाचा आहे?” तुम्हीही हाच विचारा, फोनवर एकदा आणि टेबलावर परत एकदा.

हरीराच्या बाबतीतही हेच. टोमॅटो, मसूर, चणे, सेलरी, कोथिंबीर एवढं वाचून तो शाकाहारी वाटतो, पण त्यात पुष्कळदा मांसाचे तुकडे असतात, दाटपणा गव्हाच्या पिठाने आणतात आणि बारीक शेवयाही पडतात. गहू चालत नसेल तर कुसकुस बाद, तबूले बाद (त्यात बुल्गुर, म्हणजे उकडून भरडलेला गहू असतो), बस्तीला बाद. ताजीन बहुतेक वेळा चालतं, पण पावाशिवाय खावं लागेल याची मनाची तयारी ठेवा. तीळ चालत नसतील तर हमस आणि बाबा गनूश दोन्हींत ताहिनी, म्हणजे वाटलेले तीळ आहेत, शेबाकियातही तीळ असतात. सुक्यामेव्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी सर्वांत जास्त सावध राहायला हवं, कारण बदाम तिखटमिठाच्या पदार्थांतही येतात आणि मिठाईत तर पिस्ते-अक्रोडही. दुधाचं चालत नसेल तर ‘स्मेन’ घालता का ते विचारा. हे मुरवलेलं, उग्र वासाचं लोणी कुसकुसमध्ये कालवतात आणि मेनूवर त्याचा उल्लेख नसतो. ॲलर्जी गंभीर असेल तर कागदावर ठळक लिहून न्या आणि तो कागद स्वयंपाकघरात पोचवायला सांगा. छोट्या ठिकाणी आचारी अनेकदा तिथेच उभा असतो, तो बाहेर येऊन बोलेल. तसं बोलायला संकोचू नका.

त्या दिवशी दुपारचं जेवण हलकं घ्या आणि संध्याकाळी पुढे काही ठरवू नका. ताजीनला वेळ लागतो. मातीचं पसरट भांडं, त्यावर शंकूसारखं उंच झाकण. आतली वाफ वर जाते, झाकणाला लागून थेंब होतात आणि तेच पाणी परत खाली उतरतं, त्यामुळे थोडक्या पाण्यात मटण तास-दोन तास मऊ होत राहतं. सगळीकडे ते तुमच्या ऑर्डरनंतर चढवतात असं नाही. सकाळी शिजवून ठेवलेलं मटण संध्याकाळी लहान भांड्यात घालून गरम करतात, आणि मुरल्यामुळे ते चांगलंच लागतं. तरीही सॅलड, मुख्य जेवण, चहा असं सगळं धरून दोन-अडीच तास हाताशी असू द्या. नऊचा सिनेमा गाठायचा असेल तर त्या दिवशी दुसरं काही खा.

कपडे ढगळ घाला. बैठक कधी ठेंगणी असते, लांब गादीची किंवा चामड्याच्या पूफची (गोल, जाड उशीची), आणि टेबल गुडघ्याएवढं. कुणाचे गुडघे दुखत असतील तर खुर्चीचं टेबल आधीच मागून घ्या. बाह्या वर सरकवता येतील अशा हव्यात, कारण हाताने खायचंय.

बसल्यावर हात धुवा आणि पाव येऊ द्या. खोब्ज नावाचा हा गोल, चपटा पाव म्हणजेच चमचा. उजव्या हाताने तुकडा मोडायचा, अंगठा आणि दोन बोटांत धरून भांड्यातला रस्सा-भाजी टिपायची, आणि आपल्या समोरच्या भागातलंच खायचं, समोरच्याच्या बाजूला हात घालायचा नाही. मांस मध्यभागी ठेवलेलं असतं. ते शेवटाला वाटून घेतात आणि घरच्या पंगतीत यजमान चांगला तुकडा पाहुण्याकडे सरकवतो. लहान मुलांना हे आधी सांगून ठेवा, त्यांना हा खेळ फार आवडतो. काटा-चमचा मागितला तरी कुणी वाईट मानत नाही.

काय मागवायचं हे टेबलावर भांडत ठरवू नका, वाटेतच ठरवा. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी कोंबडी, मुरवलेलं लिंबू आणि ऑलिव्हचं ताजीन सुचवते. हे लिंबू महिनाभर मिठात ठेवलेलं असतं आणि खायची असते ती त्याची मऊ साल. ती चांगलीच खारट असते, म्हणून वरून मीठ घालण्याआधी चाखा. ऑलिव्हमध्ये बिया असतात, मुलांना सांगा. दुसरं भांडं मटण आणि सुकवलेल्या आलुबुखारांचं घ्या, वर भाजलेले बदाम आणि तीळ. ते गोडसर असतं, त्यामुळे एकाच टेबलावर तशी दोन गोड ताजीन नकोत. तिखट खाणाऱ्यांनी हेही जाणून घ्या की मोरोक्कन स्वयंपाक सुवासाचा आहे, जिरं, आलं, दालचिनी, केशर यांचा. जाळ त्यात कमी. दुकानदार आपले उत्तमातले उत्तम मसाले एकत्र करून जे मिश्रण बनवतो त्याला ‘रास एल हानूत’ म्हणजे ‘दुकानातलं अव्वल’ म्हणतात. जाळ हवा असेल तर हरिसा ही लाल मिरचीची चटणी वेगळी मागा. ती मुळची ट्युनिशियाची, पण बहुतेक स्वयंपाकघरांत असते. दोन घास तसेच खाऊन मगच तिला हात लावा, नाही तर केशर कुठे गेलं ते कळायचंच नाही.

ताजीन आलं की झाकणाला हात लावू नका. माती विस्तवावरून उतरल्यावरही बराच वेळ तापलेली असते. वेटर कापडाने झाकण उचलतो, वाफेचा लोट बाजूला सरकतो आणि खाली रस्सा अजून कडेकडेने बुडबुडत असतो. फोटो काढायचाच असेल तर मोबाइल आधी हातात ठेवा, तो क्षण तीन-चार सेकंदांचा आहे. मग बुडबुडे थांबेपर्यंत थांबा. पहिल्या घासाला टाळू भाजली की पुढची सगळी चव गेली.

चहासाठी पोटात जागा ठेवा आणि साखरेचं आधी बोला. ‘गनपावडर’ नावाचा चिनी हिरवा चहा, पुदिन्याच्या जुड्या आणि साखर हे सगळं किटलीतच पडतं, कपात वेगळी साखर घालायची पद्धत नाही. कमी हवी असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, नंतर काही करता येत नाही. पहिला ग्लास भरून परत किटलीत ओततात, तो चुकून झालाय असं समजू नका. त्याने साखर नीट मिसळते. मग हातभर उंचीवरून बारीक धार सोडतात, ग्लासात फेस येतो. ग्लास काठाजवळ धरायचा, तळाशी चटका बसतो. बरोबर काब एल गझाल घ्या, चंद्रकोरीच्या आकाराची, आत बदामाचं सारण आणि संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा वास. रात्री झोप उडत असेल तर एकच ग्लास प्या. पुदिना असला तरी आत चहा आहे.

घरून निघतानाच पिशवीत दोन डबे टाका, एक मोठा आणि एक घट्ट झाकणाचा. कुसकुस उरतोच. तो मोठ्या डब्यात भरा आणि रस्सा वेगळा, दुसऱ्या डब्यात, कारण एकत्र ठेवलात तर सकाळपर्यंत दाणे सगळा रस्सा पिऊन लगदा होतो. दुसऱ्या दिवशी कुसकुसवर चमचाभर पाणी शिंपडून वाफ द्या, दाणे बोटांनी मोकळे करा आणि रस्सा उकळून वर घाला.